‘कायमची आले’ असं लिही

शनिवारी सकाळी फिझा भाकरीसाठी तांदळाच्या पिठाची उकड मळून बाल्कनीकडे निघाली, आणि दारात उभी राहून माहनूर मेट्रोतली घोषणा करत होती. दुबईतल्या अल मनखूलच्या त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत अठरा पावलं. दोन महिन्यांपूर्वी फिझा ती एका दमात चालायची. आता फ्रिजपाशी एकदा, सोफ्याच्या पाठीपाशी एकदा थांबावं लागे. पाच वर्षांच्या लेकीने त्याचा खेळ करून टाकला होता.

“ममा इज द मेट्रो! नेक्स्ट स्टेशन, सोफा!”

फिझा सोफ्याला धरून हसली. हसण्यानेही धाप लागली तेव्हा तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. लेकीला तो खेळच वाटत राहू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. महिन्याभरात ऑपरेशन, मग तीन महिने विश्रांती. उशीर केला तर हृदय थकत जाईल. तिच्या नवऱ्याला, हम्मादला, कंपनीचा चांगला विमा होता, लेकीचाही त्याने बऱ्यापैकी घेतला होता. बायकोचा मात्र सगळ्यात स्वस्तातला. “तिला काय होतंय? आणि झालंच तर ब्रिटिश पासपोर्ट आहे की,” असं तो तेव्हा म्हणाला होता. आता त्या विम्यातून थोडाच भार निघणार होता. उरलेला घराने उचलायचा होता.

फिझाचा जन्म इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नचा. तिचे अब्बा दाभोळहून तिथल्या गिरणीत कामाला गेले आणि तिथेच राहिले. नात्यातूनच सोयरीक जुळली आणि बाविसाव्या वर्षी ती हम्मादच्या घरी दुबईला आली. ब्लॅकबर्नहून लंडन म्हणजे अर्ध्या दिवसाचा प्रवास, पण सासरच्या गोतावळ्यात ती ‘लंडनवाली’च ठरली. पहिली दोन वर्षं तिने सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

त्यामुळे घरच्यांचा निर्णय झटपट झाला. सासूबाई जहांआरांनी शेजारी सांगूनही टाकलं, “माहेरी जातेय ती. तिकडे सगळं फुकट.” त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं होतं. सून धडधाकट आहे तोवर ती आपली, तिच्या हातची भाकरी आपली. ती अंथरुणाला खिळणार म्हटलं की तिची आई आठवते. बाळंतपण माहेरी, दुखणं माहेरी. समुद्र ओलांडून, विमानात बसून, काचेच्या इमारतीत राहायला येऊनही हा रिवाज आपण सामानासोबत आणलाच.

दुपारी जेवणं चालू असताना बोटिम ॲपवर फिझाच्या भावाचा, हारुनचा, फोन आला. हम्मादने फोन सालनाच्या पातेल्याला टेकवून ठेवला.

“दुल्हाभाई, मी दवाखान्याच्या ऑफिसात जाऊन आलो. पासपोर्टवर फुकट नाही होत. तिथे राहणाऱ्यांना फुकट. ते विचारणार, परत राहायला आलात की फक्त इलाजाला? इलाजाला म्हटलं तर बिल लावतात.”

“राहायला आले म्हणून सांगायचं. खलास.”

“पुरावा बघतात. दुबईचा व्हिसा बंद केला का, मुलगी कुठल्या शाळेत जाते, सगळं. आणि रांग मोठी आहे, नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आपा, तू आलीस तर घर तुझंच आहे. अम्मीने खोली झाडून ठेवलीये. पण खोटं लिहून येऊ नकोस.”

फोन बंद झाला. हम्मादने शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. व्हिसा रद्द करण्याचा अर्ज त्याने टायपिंग सेंटरमधून आधीच भरून आणला होता. म्हणजे पुराव्याचं त्याला ठाऊक होतं. फिझाच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

“सही कर. तिकडे फॉर्मवर ‘कायमची आले’ असं लिही. लिहायला काय जातं?”

“आणि माहनूर?”

“तिची शाळा आहे ना इथे. अम्मी बघतील. बरी झालीस की नवा व्हिसा काढू, इन्शाल्ला.”

“कधी?”

“आता तारीख कशी सांगू, यार?”

माहनूर ताटातला मासा चिवडत होती. “व्हेअर इज ममा गोइंग?” तिने विचारलं.

“एवढं काय त्यात?” जहांआरा म्हणाल्या. “मला क्षय झाला तेव्हा मी नाही गेले? नऊ महिने मंडणगडला, आईकडे. सासरी कुणावर बोजा झाले नाही. हा हम्माद अडीच वर्षांचा होता.”

“परत आलात तेव्हा?” फिझाने विचारलं.

“तेव्हा काय... ओळखेना मला. चाचीच्या मागे लपला.” त्या हसल्या. “झालं, मग हळूहळू आला जवळ.”

“किती दिवसांनी, अम्मी?”

जहांआरांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. “अजून अंगात ताप भरला की चाचीलाच फोन करतो,” त्या म्हणाल्या. इतक्या साध्या आवाजात, जणू मीठ कमी पडलंय असं सांगत होत्या.

हम्मादने मान वर केली नाही.

फिझाने कागदाची घडी पुन्हा घातली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली. “मी सही नाही करणार.”

“फिझा, ऐक...”

“नऊ वर्षं मी कुठे राहते, हे ते फॉर्मवाले तरी विचारतात. या घरात कुणी विचारलं नव्हतं. मी इथे राहते. आजारी पडले तीही इथे. माझं ऑपरेशन इथेच होईल.”

“पैसे झाडाला लागलेत?”

“दाभोळला तुमच्या घरावर चढवताय तो दुसरा मजला थांबवा.”

“तो माझ्या अब्बांच्या नावाने बांधतोय मी!”

“पहिल्या मजल्यावर तरी कोण राहतं? वर्षाला पंधरा दिवस आपण, बाकी कबुतरं.”

“जुबान बघ हिची,” जहांआरा पुटपुटल्या. पण त्या शब्दांना नेहमीची धार नव्हती. हम्माद हात धुऊन बाहेर निघून गेला. रविवारभर त्याने फिझाशी एक शब्द काढला नाही. ती भांडी घासत होती, थांबत होती, पुन्हा घासत होती. इतकं एकटं तिला इथे आलेल्या पहिल्या वर्षीही वाटलं नव्हतं. निदान ब्लॅकबर्नला आपल्या अम्मीच्या कुशीत तरी जाऊन पडावं, असं दहादा वाटून गेलं. पण त्या कुशीत जाताना आपल्या कुशीतलं लेकरू मागे ठेवून जायचं होतं.

सोमवारी माहनूरला शाळेच्या बसमध्ये बसवून ती फाइल घेऊन एकटीच टॅक्सीने दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला. “मॅडम, आप के साथ कौन है?”

“अभी कोई नहीं.”

“ऑपरेशन के बाद घर पे देखभाल कौन करेगा, उस का नाम और साइन चाहिए. चार बजे तक. फिर डेट मिलेगी.”

फिझाने त्या रकान्यात हम्मादचं पूर्ण नाव लिहिलं. फॉर्मचा फोटो काढून त्याला पाठवला. खाली लिहिलं: ‘तुमची सही हवी. चारपर्यंत. मी इथेच आहे.’

वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

अडीच वाजले. समोरच्या खुर्च्यांवर माणसं येत होती, जात होती. प्रत्येकाबरोबर कुणी ना कुणी होतं. काउंटरवरची मुलगी दोनदा तिच्याकडे पाहून गेली. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, चाहो तो आप घर जाओ. कल आ जाना.”

“नहीं,” फिझा म्हणाली. तिने फाइल मांडीवर नीट ठेवली आणि पाठ खुर्चीला टेकवली. “वो आए या ना आए, डेट लेकर ही जाऊँगी.”