फोटोत नसलेली बाल्कनी

“मॅडम, एक ऐकाल? फोटो काढून झाले की हलवलेलं सामान आपणच परत जागेवर लावून द्यायचं. मालकांवर सोडायचं नाही. फोटो फार चांगला आला ना, की माणसं घर वापरायची थांबतात.”

फोटोवाले काका कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय मिटता मिटता हे म्हणाले आणि चिऊच्या आईने ते हसण्यावारी नेलं. “काका, स्वतःच्या फोटोंची तारीफ निदान दुसऱ्याला तरी करू द्या!” काकाही हसले, पण अर्धवटच. तिचा एक डोळा घड्याळावर होता. पाळणाघर पाचला बंद व्हायचं, आणि पाच वाजून पाच मिनिटांनी तिथल्या बाईंचा चेहरा जसा व्हायचा, तो बघण्याची तिची हिंमत नव्हती. हलवलेलं सामान तसंच राहिलं.

चिऊची आई घरं विकून देणाऱ्या एका लहानशा ऑफिसात एजंट होती. बाळंतपणानंतर कामावर परतून चार महिने झाले होते आणि हे तिच्या एकटीच्या भरवशावर सोपवलेलं पहिलंच घर. घर सिस्टरांचं. चौतीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, पण अख्खी इमारत त्यांना अजून सिस्टरच म्हणायची. मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली होती. दूरच्या शहरातल्या लेकीने स्वतःच्या घराशेजारी आईसाठी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. हे घर विकलं गेलं की सिस्टर तिकडे जाणार, एवढं सरळ काम.

सरळ काम पहिला सव्वा महिना जागचं हललं नव्हतं, कारण पहिले फोटो चिऊच्या आईने स्वतःच्या फोनवर काढले होते. त्यात दार तिरकं, खोल्या काळवंडलेल्या, आणि कपाटाच्या आरशात ती स्वतः, पोटाशी झोळीत चिऊ. दोन फोन आले. त्यातला एक राँग नंबर. “हे घर आहे की हरवलेल्या माणसाचा फोटो?” ऑफिसातले मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी काकांचा नंबर दिला.

काकांनी पहिला तासभर कॅमेरा बाहेरच काढला नाही. पडदे सारले, सगळे दिवे एकाच रंगाचे बसवले, बैठकीच्या खोलीत ऊन कधी कुठवर येतं ते बघत भिंतीला टेकून उभे राहिले. मग एकेक वस्तू उचलायला लागले. औषधांचे डबे, चष्म्यांची घरं, गुडघेदुखीचा पट्टा, फोनशेजारी चिकटवलेली नंबरांची चिठ्ठी, मिस्टरांची तसबीर, टीव्हीसमोरची ती मधे खड्डा पडलेली खुर्ची. सगळं मागच्या कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत गेलं.

“एवढा सगळा पसारा माझाच?” सिस्टर ओशाळल्या.

“पसारा नाही हो. बघणाऱ्याला त्याचा स्वतःचा संसार मांडून बघायला जागा हवी,” काका म्हणाले.

शेवटी उरल्या सिस्टर. कॅमेरा बैठकीत आला की त्या स्वयंपाकघरात, तो स्वयंपाकघरात आला की त्या झोपायच्या खोलीत, असं करत करत त्या मागच्या बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या. “इथे येणार का तुम्ही?” त्यांनी तिथूनच विचारलं. “नाही, ती नाही काढत,” काका म्हणाले.

फोटो आले आणि चिऊच्या आईला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कोणाचं घर बघतोय. भिंती ताठ, ओटा लखलखीत, पलंगावरच्या चादरीवर उन्हाची एक तिरपी पट्टी. फोटो टाकल्यावर पहिल्याच दिवशी एकोणीस फोन आले. तिने सिस्टरांना फोटो दाखवले. सिस्टरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

“अगं, हे माझं घर?”

“मग कोणाचं! आता फक्त असंच ठेवा हं सिस्टर.”

हे वाक्य तिने जाता जाता, चपला घालताना टाकलं होतं.

पुढचे सहा आठवडे ती माणसं घेऊन जात राहिली. घर दर वेळी तस्संच. चादरीला सुरकुती नाही, बेसिनमध्ये चमचा नाही. “सिस्टर, कमाल आहे बाई तुमची! अगदी फोटोसारखं!” ती प्रत्येक वेळी म्हणायची आणि सिस्टरांचा चेहरा खुलायचा. मधल्या दिवसांत ती फोनही करायची. “ठीक ना?” “अगदी ठीक.” झालं.

खरं तर लक्ष ठेवणं हा तिचा स्वभावच. झोपलेल्या चिऊच्या नाकापुढे बोट धरून श्वास लागतोय ना ते बघणारी ती. नवरा तिला ‘पहारेकरी’ म्हणायचा. तोही महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. दिवसभर तिच्याशी बोलणारी मोठी माणसं म्हणजे घर बघायला आलेली, आणि तीही बोलणार ते नळाच्या पाण्याबद्दल नाहीतर पार्किंगबद्दल. अशा डोळ्यांत तेल घालून जगणाऱ्या बाईला सिस्टरांच्या गळ्याचं हाड वर आलेलं दिसलं नाही. त्या स्वयंपाकघराला कसलाच वास येत नाही, हेही तिच्या लक्षात आलं नाही.

एका जोडप्याने घर जवळपास पक्कं केलं. त्यांना ओट्याचं माप हवं होतं, लगेच. पाळणाघराला सुट्टी होती, म्हणून चिऊला कडेवर घेऊन ती न कळवताच भर दुपारी गेली. बेल वाजवली. बराच वेळ कोणी आलं नाही. मग साखळीचा आवाज, आणि दारात सिस्टर: स्वेटरवर स्वेटर, कानाला मफलर.

“आज? आज तर कोणी यायचं नव्हतं!” त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

“फक्त ओटा मोजायचाय. दोन मिनिटं.”

ती टेप उलगडेपर्यंत चिऊ रांगत मागच्या दाराशी पोचली आणि दार ढकलून आत. “अगं नको, गार आहे तिथे!” सिस्टर तिच्यामागे धावल्या आणि खोकल्याने दाराशीच वाकल्या.

चिऊची आई बाल्कनीत गेली. वाळत घालायच्या दोरीखाली एक घडीची खाट. त्यावर दोन रजया. खोक्यावर मिस्टरांची तसबीर, औषधं, पाणी उकळायची किटली, पावाचं अर्धं पाकीट, दोन केळी. आणि भिंतीला लावून ती खड्डा पडलेली खुर्ची. जाळीतून वारा सरळ आत येत होता.

“सिस्टर, तुम्ही इथे झोपता?”

“मग? ही बाल्कनी फोटोत नाहीये ना.”

“अहो, पण पलंग…”

“त्यावर झोपलं की चादर चुरगळते. वॉर्डात डॉक्टरांचा राउंड यायचा ना, तेव्हा आम्ही बेड करून ठेवायचो. मग राउंड होईपर्यंत कोणाची बिशाद नव्हती बसायची.” त्या हसल्या. “हा राउंड जरा लांबला, एवढंच.”

“आणि जेवण?”

“गॅस पेटवला की ओट्यावर डाग उडतात. एकटीला लागतं किती गं?”

“मला एकदा तरी बोलायचंत!”

“काय बोलू? तू किती खूश व्हायचीस.” सिस्टरांनी चिऊला खाटेजवळून उचललं आणि मफलरचं टोक तिच्या मुठीत दिलं. “आणि खरं सांगू? माणसं यायला लागली होती. तीन वर्षांत बेल वाजवणारा फक्त दूधवाला. आता सव्वीस जण येऊन गेले. चपला काढून आत येतात, ‘किती छान ठेवलंय’ म्हणतात. घर बिघडलं असतं तर आले असते का?”

चिऊच्या आईने टेप गुंडाळून पर्समध्ये टाकला, पलंगावरची ती ताठ चादर ओढून सैल केली आणि दोन्ही रजया आत आणल्या. सिस्टर पलंगाच्या कडेला टेकल्या, तेही पाहुण्यासारख्या, गुडघे जोडून. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

खालच्या चौकातले डॉक्टर घरी आले. छातीत कफ साठलाय, आठ दिवस पडून राहायचं, म्हणाले. “पडून कुठे?” सिस्टरांनी अगदी खरोखर विचारलं. डॉक्टरांना वाटलं, थट्टा करतायत.

चिऊच्या आईने तिथूनच साहेबांना फोन केला. “उद्या ते जोडपं पुन्हा घर बघायला येणार आहे, ते रद्द करा. आठ दिवस कोणाला पाठवू नका.”

“वेड लागलंय का तुम्हाला? पार्टी हातची जाईल!”

“जाऊ दे, साहेब. घरात माणूस आजारी आहे.”

“मग त्यांना दोन तास कुठेतरी बसवा ना!”

“कुठे बसवू?” तिचा आवाज चढला. “सहा आठवडे तेच तर केलंय आपण.”

पुढे ती पार्टी खरंच गेली. फोन ठेवून तिने गॅस पेटवला, मऊ भात टाकला, तो उतू गेला आणि ओट्यावर पांढरे ओघळ सुकले. ते तिने मुद्दाम पुसले नाहीत. संध्याकाळी लेकीला फोन लावून सगळं सांगितलं, काही न लपवता, स्वतःची चूकसुद्धा. लेक म्हणाली, “मला तर आई रोज ‘अगदी ठीक’ म्हणायची हो.”

फोटोंना बोल लावण्यात अर्थ नाही. त्या फोटोंनीच तर सव्वीस माणसं त्या दारात आणली. त्यातल्या कोणीही मागचं दार उघडलं नाही. घर दाखवणाऱ्या बाईनेही नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एकच काम सांगते. तुमच्या इमारतीत ‘विकणे आहे’ अशी पाटी लागलेलं आणि आत एकटंच माणूस राहत असलेलं एखादं घर असेल. फोन करू नका. फोनवर सगळेच ठीक असतात. जा, बेल वाजवा. प्यायला पाणी मागा आणि त्या निमित्ताने स्वयंपाकघरापर्यंत जा. आज गॅस पेटला होता का, बघा. आणि रात्री कुठे झोपता, हे विचारायला लाजू नका. आजच जा.