बेचाळीस खोकी

मेट्रनबाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि डाव्या पायाचा बूट बाहेर काढला. उजवा सापडेना म्हणून त्यांनी अख्खं पोतं जमिनीवर पालथं केलं. बटणं तुटलेला कोट निघाला, पोहायचा चष्मा निघाला, टिकल्या लावलेला एक पायघोळ झगा निघाला. उजवा बूट काही निघाला नाही.

“भूकंपात घर गेलेल्या बाईने हा झगा घालून करायचं काय? नाचायचं?”

“देणाऱ्याने मनातून दिलंय हो,” चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत पोस्टमन म्हणाले.

“मनातून नाही, कपाटातून दिलंय.”

पोस्टमन निवृत्त होते, मेट्रनबाईही. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळातल्या परिचारिकांना धाकात ठेवलं होतं. आता गेले वीस दिवस संस्थेच्या या सभागृहात त्या जुन्या कपड्यांना शिस्त लावत होत्या. समुद्रापलीकडच्या ज्या देशात भूकंप झाला, तो दोघांपैकी कुणी पाहिलेला नव्हता. तरी शहरातल्या बारा बायका रोज घरून कपडे धुऊन, इस्त्री करून आणून देत होत्या. भिंतीशी बेचाळीस खोकी रचून झाली होती. उद्या सकाळी ट्रक येणार होता. त्याच्यासमोर उभे राहून अध्यक्ष फोटो काढून घेणार होते.

तेवढ्यात मेट्रनबाईंची सून फोन हातात धरून आत आली. तिला तिकडची भाषा येत असल्यामुळे पत्रव्यवहार तिच्या गळ्यात पडला होता.

“आई, तिकडून उत्तर आलंय.” ती जरा घुटमळली. “कपडे पाठवू नका म्हणतायत.”

“कधी?”

“आता. यापुढे. कधीच.”

मेट्रनबाईंच्या हातातला कोट खाली पडला. “आणि हे आज सुचलं त्यांना? इथे आमच्या पाठीचे काटे ढिले झाले! कोण आहे ती? लाव फोन. माझ्याशी बोलू दे.”

पडद्यावर त्यांच्याच वयाची एक बाई आली. केस कसेबसे बांधलेले, चष्मा डोक्यावर चढवलेला. भांडण अर्ध्यावर टाकून आल्यासारखा चेहरा. तिच्या मागे छताला टेकलेली पोती.

“सांग तिला, आमची माणसं वीस दिवस राबतायत. फुकट. आणि हे असं एका ओळीत उडवून लावतात?”

सून दोन वाक्यं बोलली.

“माझ्या बोलण्याचं एवढंच झालं?”

“थोडं मऊ केलं.”

पलीकडची बाई मात्र बोलत सुटली. हातवारे झाले, टेबलावर थाप बसली. सगळं ऐकून घेऊन सून म्हणाली, “त्या आभार मानतायत.”

“एवढा वेळ?”

“तेही मऊ केलं.”

“अगं, मी काय साखरेची आहे? जसंच्या तसं सांग!”

मग सुनेने जसंच्या तसं सांगितलं. बाई शाळेची मुख्याध्यापिका होती. गावात तेवढीच एक इमारत धड उभी राहिली, म्हणून नऊ देशांतून आलेला सगळा माल तिथेच उतरला. अकराच्या अकरा वर्ग भरले. निवडायला ती आणि शिपाई, दोघंच. सहा आठवडे ती सगळ्यांना थांबा म्हणून विनवत होती. प्रत्येक जण उलट कळवत होता की आमची खोकी निघालीच आहेत, आणि आमचा माल चांगला आहे.

“आपलाही चांगलाच आहे,” पोस्टमन हळूच म्हणाले.

मुख्याध्यापिकेने फोन खिडकीकडे वळवला. खाली मैदानात मुलं ओळींनी बसली होती. भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर एक शिक्षक लिहीत होता आणि लिहिता लिहिता मधेच बोटांवर फुंकर मारत होता. वाऱ्याचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता.

मेट्रनबाई पडद्याजवळ वाकल्या. “ती कडेची मुलगी बघ. निळ्या टोपीची. तिचा खोकला बरा दिसत नाही. खांदे कसे उचलले जातायत! म्हणावं, तिला आधी आत घ्या.”

सुनेने सांगितलं. पलीकडून अगदी छोटं उत्तर आलं.

“विचारतायत, आत कुठे?”

मेट्रनबाई सरळ झाल्या. पोस्टमनांनी चिकटपट्टी खाली ठेवली.

“मग आम्ही काय करू?” मेट्रनबाईंनी विचारलं. “ते तरी विचार.”

“बाकीच्या संस्थांची यादी पाठवते म्हणतायत. घेणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही. देणाऱ्यांपैकीच कुणी सांगितलं, तर कदाचित ऐकतील.”

फोन बंद झाल्यावर मेट्रनबाईंनी आधी अध्यक्षांना गाठलं. ट्रक नको म्हटल्यावर तिकडून इतका आरडाओरडा झाला की त्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला. फलक छापून झाला होता, फोटोवाला ठरला होता.

“या खोक्यांचं काय करायचं ते इथे ठरवू,” त्या म्हणाल्या. “तिकडे जाणार नाहीत.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

यादी आली. आठ नावं, आठ देशांचे नंबर. मेट्रनबाई एका खोक्यावर बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, “लाव पहिला.”

पहिल्या नंबरवर एक म्हातारा गृहस्थ भेटला. सुनेने इंग्रजीत सगळं सांगितलं. तो आधी तावातावाने बोलला. मग आवाज उतरला.

“काय म्हणतोय?”

“त्यांच्याकडेही सगळी वयस्कर माणसं आहेत. महिनाभर रोज येतायत, पावसातसुद्धा. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, म्हणतायत.”

मेट्रनबाईंनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा लावला.

“मलाही सकाळी बारा जणींना सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “त्याला म्हणावं, काही सुचलं तर मला कळव.”