ट्रेलरचा तळ

लोवेल एंगस्ट्रॉमच्या अंगणातला अॅल्युमिनियमचा ट्रेलर, गाडीमागे जोडून न्यायचं फिरतं घरच ते, त्याच्या वडिलांनी नवा घेतलेला. वडील गेले, बायको गेली, ट्रेलर तसाच होता. दर वसंतात लोवेल तो घासूनपुसून लख्ख करायचा आणि कुंपणापलीकडून मला तेच तेच ऐकवायचा.

"लाकडी सांगाड्याचे ट्रेलर बघ, दहा-पंधरा वर्षांत भुसा होतो त्यांचा. याला गंज नाही. गोल नाकामुळे वारा अडत नाही, गाडीला ओढताना जड जात नाही. माझ्या मुलीची मुलं फिरतील यातून."

त्याची मुलगी ब्रिटा लहानपणापासून हे ऐकत आली होती. आई गेल्यावर वर्षाच्या आत लोवेलनं आयरीनला घरात आणलं, तेव्हापासून ब्रिटानं घरात पाऊल टाकलं नव्हतं. पण त्या वर्षी तिचा संसार मोडला आणि ऑक्टोबरमध्ये दोन बॅगा घेऊन ती परत आली. मी तेव्हा अंगणातच होतो, लोवेलची शिडी परत द्यायला गेलो होतो.

"मागची खोली रिकामी आहे," लोवेल म्हणाला.

"त्या घरात नाही राहणार मी, बाबा. ट्रेलरमध्ये राहीन."

लोवेलनं ट्रेलरकडे बघितलं. मग म्हणाला, "तो उन्हाळ्यापुरता ठीक आहे गं. आपल्याकडचा हिवाळा त्याला नाही झेपायचा."

"आयुष्यभर तर सांगत होतात की त्याला काही होत नाही."

"पत्र्याला होत नाही. तळाचं तसं नाही. मागच्या खिडकीतून पाणी झिरपतं, दोन पत्र्यांच्या मधून खाली उतरतं. तळाला प्लायवूड आहे, ते..."

"सरळ सांगा ना, आयरीनला मी अंगणातसुद्धा नको आहे."

आयरीन दारातच उभी होती. ती आत गेली. लोवेलनं खिशातून किल्ली काढून ब्रिटाच्या हातात दिली.

ब्रिटाला गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. सकाळी जायची, दुपारी परतायची. नोव्हेंबरात थंडी उतरली तशी ट्रेलरची खरी तऱ्हा कळायला लागली. आतला गॅसचा हीटर पेटवला की भिंतींना घाम फुटायचा. जिथे जिथे पत्र्याआड सांगाड्याच्या थंड पट्ट्या होत्या तिथून पाणी ओघळायचं आणि पहाटे गोठायचं. उशी भिंतीला चिकटलेली मिळाली, असं तिनं माझ्या बायकोला, डोरिसला, हसत सांगितलं. गादीखाली काळी बुरशी धरली होती, हे मात्र हसत सांगितलं नाही.

एकदा लोवेलनं मला ट्रेलरच्या मागे नेलं. मागच्या बंपरवर तो उभा राहिला आणि हळूच हलला. बंपर त्याच्यासकट खाली गेला, वरचं पत्र्याचं अंग जागच्या जागी राहिलं.

"बघितलंस? मागचा सगळा तळ कुजलाय. खालच्या लोखंडी चासीनं वरचं अंग सोडलंय. हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं."

"मग गेल्या वर्षी का नाही उघडलास?"

"उघडलं असतं तर बघावं लागलं असतं," तो म्हणाला.

डिसेंबरातल्या एका सकाळी ब्रिटाची गाडी अंगणातून हललीच नाही. लोवेलनं ट्रेलरचं दार वाजवलं, मग बडवलं. मी आवाजानं बाहेर आलो. दार उघडलं तेव्हा ब्रिटा चौकटीला धरून उभी होती, चेहरा पिठासारखा पांढरा, आणि तिला आमच्यातला कोण काय बोलतंय ते समजत नव्हतं. बाहेरच्या बर्फात ती दोनदा ओकली. गार वारा येतो म्हणून तिनं छपरातले दोन्ही झरोके चिकटपट्टीनं बंद केले होते आणि हीटर रात्रभर चालू होता.

हीटरचा विषारी वायू आत कोंडला होता, असं दवाखान्यात म्हणाले आणि तिला प्राणवायू लावला. संध्याकाळी ती परत आली ती थेट ट्रेलरमध्ये. लोवेल म्हणाला, घरात चल. ती म्हणाली, झरोके उघडे ठेवीन.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर लोवेल पहार घेऊन माझ्याकडे आला.

"चल, मदत कर."

"तिला विचारलंस का?"

"नाही."

मी गेलो. तिचं सामान आम्ही आधी उचललं: कपडे, भांडी, आईचा फोटो. सगळं व्हरांड्यात कोरडं ठेवलं. मग पलंग सोडवला आणि तळाला पहार घातली. पुढचं प्लायवूड खणखणीत होतं, त्याला मेहनत लागली. मागचं हातानंच निघालं, ओल्या पावासारखं. दुपारपर्यंत आत नुसत्या लोखंडी पट्ट्या आणि त्याखालचा बर्फ दिसत होता.

ब्रिटा आली, दारातून आत बघितलं.

"माझं घर फोडलंत तुम्ही."

"ते घर नव्हतं, पोरी." लोवेलनं प्लायवूडचा तुकडा पुढे केला. "हे बघ. बोट घाल यात."

तिनं बोट घातलं. ते आरपार गेलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

"एकदा सांगितलंत, बाबा. आणि त्याआधी तीस वर्षं उलटं सांगत होतात. मी कुठलं खरं मानायचं?"

आयरीन बाहेर आली, म्हणाली, "खोली गरम केली आहे. मी बहिणीकडे जाते हवं तर, महिनाभर."

ब्रिटानं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे जागा आहे का?"

होती. वसंतापर्यंत ती आमच्याकडे राहिली. लोवेलला माझा राग आला असेल, पण बर्फ काढताना तो आमचाही रस्ता मोकळा करून जायचा. कुणीतरी नुसता पत्रा विकत घ्यायला आलं होतं, त्याला त्यानं परत पाठवलं. नवं प्लायवूडही आणलं नाही.

एप्रिलमध्ये ब्रिटाला डलूथ शहरात चांगलं काम लागलं. निघायच्या दिवशी बॅगा गाडीत ठेवून ती कुंपणापलीकडे गेली आणि त्या घराची बेल वाजवली. दार आयरीननं उघडलं. आमच्या खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. तिघं टेबलाशी बसले होते, आयरीन कॉफी ओतत होती, लोवेल हात हलवून काहीतरी समजावत होता. ब्रिटानं कोट काढला नव्हता, पण कप रिकामा होईपर्यंत ती उठली नाही.