रिव्हर्बमध्ये राहिलेली वहिनी

त्याला सगळे बोगदा म्हणायचे. हे नाव बँडमधल्या ड्रमवाल्याने ठेवलं होतं. त्याने मिक्स केलेलं पहिलंच गाणं ऐकून ड्रमवाला शांतपणे म्हणाला होता, "छान आहे. गाडी बोगद्यातून बाहेर आली की सांग, मग ऐकतो." पुढेपुढे आईसुद्धा फोनवर "बोगदा जेवला का?" असं विचारायला लागली. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

नावात अन्याय काहीच नव्हता. मोठ्या दालनात टाळी वाजवली की ती भिंतींना धडकून परत येते आणि थोडा वेळ मागे रेंगाळते. तो घुमार यंत्रातून आवाजाला चिकटवायचा, म्हणजे रिव्हर्ब. थोडा लावला की गाणारा दोन पावलं मागे सरकतो, भरपूर लावला की दालनाच्या पार टोकाला जातो, आणि लावलाच नाही तर थेट कानाशी येऊन उभा राहतो. हे सगळं बोगद्याला तोंडपाठ होतं. नव्या लोकांना शिकवताना तर तो भलताच शहाण्यासारखा बोलायचा. सगळ्यांनाच लांब पाठवलंत तर जवळ कोण राहणार, असं विचारायचा. आणि मग स्वतः खुर्चीत बसला की गिटारला रिव्हर्ब, ड्रमला रिव्हर्ब, गायकाने घेतलेल्या श्वासालाही रिव्हर्ब. कोरड्या आवाजात चुका ऐकू येतात, आणि चूक ऐकू आली की ती कोणाला तरी तोंडावर सांगावी लागते. तोंडावर सांगणं बोगद्याच्या जिवावर यायचं.

त्याचा स्टुडिओ गाद्यांच्या दुकानामागच्या गोदामात होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि त्याच्या खुर्चीसमोरच्याच गादीवर 'दहा वर्षांची गॅरंटी' असं लेबल अजून टिकून होतं. दादा आणि वहिनीच्या जोडीला त्या गुरुवारी अकरा वर्षं झाली होती, म्हणजे गॅरंटी संपून वर एक वर्ष. हा विनोद बोगद्याला सुचला होता, पण तो करण्यासारखी वेळ नव्हती.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दादा आणि वहिनी जोडीने गायचे, आणि प्रत्येक कार्यक्रमात मिक्सरवर बोगदा. दादा पुढे, वहिनी दोन पावलं मागे डावीकडे, असं ठरलेलं. शेवटचं कडवं आलं की दादाचा उजवा हात मांडीशी जायचा आणि पंजा हळूच जमिनीकडे वळायचा. ही खूण बोगद्यासाठी होती. तिचा अर्थ, हिचा आवाज खाली घे. मग बोगदा वहिनीचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचा तो सरकता खटका, निमूटपणे खाली ओढायचा.

आता एक बाई तोंड उघडून गाते आहे आणि ऐकू येत नाही, हे लोकांच्या लक्षात येणारच. म्हणून बोगद्याने एक युक्ती काढली होती. प्रत्येक आवाजाची एक वाट रिव्हर्बकडे जाते. ती फेडरच्या पुढून काढली तर आवाजाबरोबर घुमारही कमी होतो. फेडरच्या आधीच काढली तर आवाज शून्यावर नेला तरी घुमार तसाच वाजत राहतो. एका बटणाचं काम. वहिनीचं ते बटण त्याने अकरा वर्षांपूर्वी दाबलं आणि ते तसंच राहिलं. शेवटच्या कडव्यात वहिनी नसायची, पण दालनभर तिचा घुमार असायचा. लोक खूश, दादा खूश, आणि वहिनीला स्टेजवर स्वतःचाच घुमार ऐकू येई, त्यामुळे तिलाही शंका नाही. हे काम आपण किती सफाईने करतो, याचा बोगद्याला मनातून अभिमानसुद्धा वाटायचा. आता त्याला त्या अभिमानाची लाज वाटत होती.

कारण सोमवारी कोणीतरी वहिनीला कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. दादाच्या उजव्या बाजूने काढलेला, अगदी जवळून. त्यात दादाचा हात स्वच्छ दिसत होता, आणि त्यानंतर वहिनीचं नुसतंच हलणारं तोंड. वहिनीने जुने तीन व्हिडिओ शोधून काढले. तेच कडवं, तोच हात. चौथा तिने पाहिला नाही. बॅग भरली, स्कूटर काढली आणि भावाकडे गेली.

"तिचा आवाज काढून टाक," गुरुवारी दादा स्टुडिओत येऊन म्हणाला. नवं गाणं शनिवारी सकाळी रेडिओवर लागणार होतं. दोघांनी ते पंधरा दिवसांपूर्वीच गाऊन ठेवलं होतं.

"पूर्ण?"

"पूर्ण. माझं एकट्याचं गाणं म्हणून जाऊ दे. तिला कळू दे जरा."

दादा, आधी तिला एक फोन कर, असं वाक्य बोगद्याच्या ओठांवर अगदी तयार होतं. ते त्याने चहाबरोबर गिळलं आणि वहिनीचा फेडर तळाला नेला. मागे कुठेतरी काहीतरी बारीक वाजत राहिलं. दोघं एकाच खोलीत गायली होती, दादाच्या माइकमध्ये तिचा आवाज थोडा शिरलाच असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दादाने गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकलं आणि "आता कसं मोकळं वाटतंय" म्हणाला. फोनच्या स्पीकरवर कढईही सुरात वाजते, हेही बोगद्याने गिळलं.

शनिवारी सकाळी दोघं स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरसमोर बसले. दादाने बिस्किटं आणली होती. गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्याच ओळीला बोगदा स्पीकरकडे सरकला. रेडिओवाले सगळे आवाज दाबून एका उंचीला आणतात, त्यामुळे जे मागे असतं ते पुढे येतं. दादा गात होता, आणि त्याच्या मागे, खूप लांबून, वहिनी गात होती. शब्द नीट कळत नव्हते, पण सूर अगदी पक्का. दादा श्वास घ्यायला थांबला की ती जास्तच ऐकू यायची. शेवटच्या कडव्यात तर दादाच पाहुणा वाटत होता.

गाणं संपलं आणि रेडिओवरच्या बाई म्हणाल्या, "मागे गाणाऱ्या बाई कोण, ते आम्हाला कळवलेलं नाही. पण खरं सांगते, मी त्यांनाच ऐकत होते. पुढच्या शनिवारी हे गाणं पुन्हा लावू. तेव्हा त्यांचं नाव तेवढं कळवा."

दादाच्या हातातलं बिस्किट अर्धं कपात पडलं. त्याने ते काढायचा प्रयत्नही केला नाही.

"हे काय आहे?"

बोगद्याने मशीन सुरू केलं, वहिनीच्या फेडरकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या बटणाकडे पाहिलं. अकरा वर्षांची सवय तिथे हिरवी चमकत होती.

"घुमार राहिला," तो म्हणाला. "आवाज काढला, पण घुमार राहिला."

"मग काढ. माझ्यासमोर काढ. आज नवीन पाठव त्यांना."

बोगद्याने बोट बटणावर नेलं. एवढ्यात गोदामाचं सरकतं दार कुरकुरत उघडलं आणि हेल्मेट काखेत मारून वहिनी आत आली. दादा उठून उभा राहिला, मग उभं राहून काय करायचं ते न सुचल्यामुळे परत बसला.

"सकाळी चहा घेत होते," वहिनी बोगद्याकडे बघत म्हणाली, "आणि भावजय रेडिओ ऐकून मला विचारते, वन्सं, तुम्ही हयात आहात ना? मेल्यावर घरात फिरतात तशी फिरतेय मी त्या गाण्यात. काढायचं होतं तर नीट काढायचं, भाऊजी. हे काय अर्धवट?"

"मशीनचा घोटाळा झाला," असं बोगदा म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. पण वहिनी खुर्ची ओढून त्याच्या इतक्या जवळ येऊन बसली की खोटं बोलायला जागाच उरली नाही.

"घोटाळा नाही, वहिनी," तो म्हणाला. "हे बटण मीच दाबून ठेवलंय. पहिल्या वर्षापासून. शेवटच्या कडव्यात तुमचा आवाज खाली घेतला की लोकांना कळू नये म्हणून घुमार तसाच ठेवायचो."

वहिनीने वाकून बटण पाहिलं.

"म्हणजे स्टेजवर मला जे ऐकू यायचं, ते हे होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, काय भरून येतंय दालन माझ्या आवाजाने." ती दादाकडे वळलीही नाही. "खूण तो करायचा, पण बोट तुमचं होतं. तो निदान मी त्याला आवडत नसल्यासारखं वागायचा. तुम्ही तर माझ्या हातचं जेवत होतात."

बोगद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यावर लावायला त्याच्याकडे कुठलाच घुमार नव्हता.

"सगळा रिव्हर्ब काढा," वहिनी म्हणाली. "माझाही आणि त्याचाही. एकदा ऐकू दे."

"काही गरज नाही," दादा म्हणाला.

बोगद्याने दोघांचाही घुमार शून्यावर नेला, वहिनीचा फेडर वर आणला आणि शेवटचं कडवं लावलं. गाद्यांच्या त्या खोलीत दोन माणसं अगदी समोर बसून गायला लागली, जिभेचा टक् आवाज आणि नाकातला श्वास ऐकू येईल इतकी कोरडी. मग ती लांब ओळ आली. वहिनीचा सूर जिथे लावला तिथेच राहिला. दादाचा सूर हळूहळू खाली बसायला लागला, आणि ओळ संपेपर्यंत पार बसला. शेजारी वहिनी असल्यामुळे तो किती बसला तेही मोजता येत होतं.

गाण्यापुरता प्रश्न नव्हता, हे तिघांनाही समजलं होतं. वहिनी आज परत जाणार की राहणार, हे त्या ओळीवर येऊन थांबलं होतं. आणि बोलायची पाळी ज्याची होती, त्याने आजवर कधी कोणाला काही तोंडावर सांगितलेलं नव्हतं.

"दादा, तू तिथे उतरतोस," बोगदा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "दर वेळी उतरतोस. वहिनी शेजारी असल्या की ते कळतं, म्हणून तुला त्या तिथे नको असतात."

"अकरा वर्षं उतरतोय आणि तू आत्ता सांगतोयस?"

"हो."

"का?"

"तू ओरडतोस म्हणून."

वहिनीला हसू आलं. तिने ते हेल्मेटमध्ये तोंड घालून लपवलं, पण हेल्मेटमधून ते जरा मोठंच बाहेर आलं. दादा खरंच ओरडणार होता. त्याने श्वासही घेतला होता. मग तो तसाच सोडून दिला.

"मग आता काय करतोस?" त्याने विचारलं.

बोगदा कामाला लागला. नव्या लोकांना जे सांगायचा ते आयुष्यात पहिल्यांदाच करायला बसला. वहिनीला पुढे ठेवलं, जवळपास कोरडी, कानाशी. दादाला छोट्या खोलीचा रिव्हर्ब दिला, चटकन विरणारा, आणि त्यातला खालचा गुरगुराट कापून टाकला, म्हणजे शब्द गढूळ होणार नाहीत. दादा दोन पावलं मागे गेला. तिथे तो चांगला वाटत होता, उतरलेला सूरही तिथे आधारासारखा लागत होता. गिटारचा, ड्रमचा, सगळ्यांचा घुमार त्याने काढून टाकला. ड्रमवाल्याने ऐकलं असतं तर गाडी बाहेर आली म्हणाला असता.

"सुरुवातीपासून लावतो," बोगदा म्हणाला.

तिघं ऐकत बसले. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. दादा स्वतःला एवढ्या लांबून कधी ऐकत नसे. तो पुढे झुकून बसला होता, हरवलेली वस्तू शोधतात तसा. शेवटचं कडवं सुरू झालं आणि त्याचा उजवा हात आपोआप मांडीशी गेला. पंजा जमिनीकडे वळला.

वहिनीने ते पाहिलं. या वेळी ती योग्य बाजूला बसली होती.

बोगद्याचं बोट तिच्या फेडरवर पोचलंही होतं. ते तिथे कधी गेलं ते त्याला कळलंच नाही. त्याने हात काढून घेतला, दुसराही काढून घेतला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसला. गाणं चालू होतं. लांब ओळ आली. दादाचा पंजा तसाच हवेत जमिनीकडे बघत राहिला, आणि तो मागे कसा घ्यावा हे दादाला समजत नव्हतं.

"माझा म्हणत होतो मी," दादा शेवटी म्हणाला. "माझा जरा खाली घे तिथे."

हे त्याच्या मनात आधीपासून होतं की हात पकडला गेल्यावर तिथल्या तिथे सुचलं, ते बोगद्याला सांगता आलं नसतं. दादाचा चेहरा पाहता ते दादालाही सांगता आलं नसतं. बोगद्याने वहिनीकडे पाहिलं.

वहिनीने काखेतलं हेल्मेट काढून गॅरंटीच्या गादीखाली जमिनीवर ठेवलं.

"सुचलं ना, बास," ती म्हणाली. "घ्या त्याचा खाली, भाऊजी. आणि माझं ते हिरवं बटण आधी बंद करा."