खराब म्हणून ठेवलेली सहा नंबरची कॅसेट

स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा.

सायकलच्या ट्यूबमधून कापलेली कडी.

पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा रिकामा खोका.

साखर कारखान्याच्या धुराड्यावर बसलेला एकटा बगळा.

गुरुवार.

मित्रांनो, हे सगळं माझ्या पोटात आहे, फक्त क्रमाने नाही. मी फलटणच्या एका दुरुस्तीच्या दुकानातला टेपरेकॉर्डर. वयाने बहुधा तुमच्या आईबाबांहून मोठा.

धुळा नावाच्या कारागिराने मला दोन बंद पडलेल्या यंत्रांतून जोडलं. मोटर एकाची, बटणं दुसऱ्याची. जोडून झालं तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "बोल रं गड्या." मी नुसता घरघरलो. त्याला तेवढं पुरलं.

मग कामाची वर्षं आली. जैनुद्दीन लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते जिथे वाजवतील तिथे धुळा मला खांद्याला अडकवून न्यायचा. अशा अकरा कॅसेट आम्ही भरल्या. लोक दुकानासमोर थांबायचे, "लय भारी मशीन हाय," म्हणायचे, आणि मला वाटायचं, आपण जरा जास्तच वेगाने फिरतोय.

(इथे फीत थोडी सुरकुतली आहे. बरीच वर्षं त्या सुरकुतीत गेली.)

जैनुद्दीन गेले. लोकांच्या खिशात फोन आले. मी वरच्या फळीवर गेलो. माझ्या दारावर धूळ बसली आणि आतला रबरी पट्टा सैल पडला. धुळा म्हातारा झाला. मी झोपत नव्हतो, पण जागाही नव्हतो. कधी रस्त्यावरून उसाची गाडी गेली की थरथर आतपर्यंत यायची आणि मला वाटायचं, आता कुणीतरी वाजवायला लागेल.

एका दुपारी नौशीन आली. जैनुद्दीनची नात, बारावीत शिकणारी. ती जन्मली तेव्हा आजोबा नव्हते. सोबत तिची दादी जन्नतबी, आणि दादीच्या हातात स्ट्रॉबेरीचा खोका. खोक्यात अकरा कॅसेट.

"धुळाकाका, ह्यातली एक वाजवता येईल?" नौशीन म्हणाली. "गुरुवारी आजोबांची क्लॅरिनेट बाळासोकाकांच्या बँडला द्यायचं ठरलंय. त्याआधी मला एकदा ऐकायचंय."

"पडून पडून लाकूड चिरायचं तिचं," जन्नतबी म्हणाली. "ही पोरगी महिनाभर फुंकतीया. शेजारची शेळी तेवढी जवाब देती."

"दादी!"

"मग? खोटं हाय का?"

नौशीन हसली नाही. क्लॅरिनेट ठेवून घ्यायची की जाऊ द्यायची, हे तिला ऐकल्याशिवाय ठरवता येत नव्हतं. आणि ऐकवायला मी एकटाच उरलो होतो.

धुळाने मला खाली काढलं. स्पिरिटच्या बोळ्याने फीत वाचणारं माझं डोकं पुसलं. जुना पट्टा बोटावर घेताच तुटला. नवा कुठे मिळत नाही, म्हणून त्याने सायकलच्या ट्यूबची बारीक कडी कापली आणि चढवली.

"एक बाजू चालंल," तो म्हणाला. "फुडचं काय सांगत न्हाई. कुठली लावू?"

मित्रांनो, अनोळखी वादकाला ऐकायला कुठून सुरुवात करावी? त्या दुपारी दुकानात हाच प्रश्न उभा होता. उत्तर चुकलं असतं तर पोरीने गुरुवारी क्लॅरिनेट देऊन टाकली असती.

तेवढ्यात बँडमास्तर बाळासो आले. "त्यात इचारायचं काय? एक नंबर. वरातीची. फलटणात पोरं अजून नाचत्यात तिच्यातल्या चालींवर."

"अकरावी लावू," धुळा म्हणाला. "शेवटची हाय. पिकलेला हात."

"आवं, तिच्यात दम लागतोय त्यांना," जन्नतबी म्हणाली. "पोरीनं आजोबा पयल्यांदा ऐकायचा तो धापा टाकताना?"

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पहिलीत ताशा इतका आहे की जैनुद्दीन गर्दीत हरवलेल्या माणसासारखे भेटतात. चौथीत कीबोर्ड आहे, तिथे ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसलेत. सहावी लावा. कारखान्याच्या बॉयलर पेटवण्याच्या समारंभात मीच ती भरली होती. मधेच भोंगा वाजला, म्हणून धुळाने तिच्यावर 'खराब' लिहून ठेवलं. खराब नाही ती.

पण माझी बटणं दुसऱ्यांच्या बोटांसाठी आहेत.

"बाळासो म्हणतोय ती लाव," जन्नतबी शेवटी म्हणाली. "नाचू दे पोरगी."

धुळाने एक नंबर कोरलेली डबी उघडली, कॅसेट आत सरकवली, दार लावलं. मी फिरू लागलो आणि पहिल्याच वळणाला मला ती ओळखू आली.

मंत्र. नारळ फुटल्याचा आवाज. पेटती लाकडं बॉयलरच्या तोंडात पडताना.

"ही वरात न्हवं," बाळासो म्हणाले.

जन्नतबीने तोंडावर पदर धरला. "ईदच्या आदी समद्या डब्या धुतल्या मी. कॅसेटा बी वल्या फडक्यानं पुसल्या. वाळल्यावर गावल त्या डबीत गावल ती घातली."

"दादी, त्यांच्यावरची नावं?"

"गेली की."

धुळाचं बोट बटणाकडे आलं. "ही तर खराब हाय—"

"थांबा," नौशीन म्हणाली.

क्लॅरिनेट सुरू झाली होती. सावकाश, कोवळ्या उन्हात कुणी अंगण झाडावं तशी. माझ्या आत ती सकाळ पसरली. धुराड्यावरचा बगळा उडाला नाही. धूर आडवा झाला आणि उसाच्या फडांवरून चालत गेला.

मग भोंगा. लांब, जाडा, सगळ्यांना दाबून टाकणारा.

जैनुद्दीननी तोंडातून क्लॅरिनेट काढली नाही. चाचपडत भोंग्याचा सूर शोधला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. भोंगा थांबला. सूर थांबला नाही. कुठे यंत्र संपलं आणि कुठे माणूस उरला, ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं. त्या एका सुरावरून ते पायरी पायरीने खाली आले, मूळ चालीपर्यंत.



ट्यूबची कडी ताणली. सूर खोल गेला, आणखी खोल, आणि मी थांबलो.

नौशीनने पिशवीतून क्लॅरिनेट काढून जोडली. पहिल्यांदा किंकाळी. दुसऱ्यांदा नुसती हवा. तिसऱ्यांदा तोच लांब सूर निघाला. कापरा, पण तिने तो सोडला नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत धरला.

"आमच्या बँडात एवढा दम कुणाला न्हाई," बाळासो हळूच म्हणाले.

"मग तुला क्लॅरिनेट कशाला रं?" जन्नतबी म्हणाली. "तू च्या घे. ती आता न्हाई मिळायची."

"नगंच मला. गुरुवारी पोरीला तालमीला धाडा."

मित्रांनो, माझ्यासाठी नवा पट्टा शोधू नका. एवढंच करा. घरात कुणाचा आवाज पडून असेल तर त्याच्यावर खराब लिहिण्याआधी शेवटपर्यंत ऐका. आणि नवा कुणी ऐकायला घेतलात तर तो अडला होता तिथून सुरुवात करा. गाजलेलं काय, ते पुढे कुणीही ऐकवेल.

कारखान्यावर त्या सकाळी सनई ठरली होती. सनईवाल्याची वाईहून येणारी एसटी चुकली, म्हणून जैनुद्दीनना बोलावणं गेलं आणि सहावी भरली गेली.