माटोळीखालचे अडाणी

मित्रांनो, जरा वर बघा. तुमच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट आहे ना, ती मी. मला माटोळी म्हणतात. आमच्या गोव्यात चवथीला गणपतीच्या वर मला दोरांनी टांगतात आणि माझ्या पट्ट्यांना रानातली फळे, पाने, फुले, शेंगा बांधतात. गणपती पाण्यात गेला की मी माळ्यावर जाते आणि पुढच्या चवथीपर्यंत तिथेच पडून राहते. एवढा काळ माणसे नजरेआड असल्यावर त्यांच्याविषयी माझे मत थोडे तरी बरे व्हायला हवे होते. ते झाले नाही.

गोवा मुक्त झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी धाकू मेस्ताने मला फणसाच्या लाकडातून घडवले. मुळगावच्या या घराचे मालक पांडुरंग यांनी मला हात लावून पाहिले आणि म्हणाले, "बरी जाली." माझी पहिली आणि शेवटची खरी स्तुती ती. पुढे लोकांनी माझ्याखाली उभे राहून पुष्कळ गोडवे गायले, पण बोलताना ते आरशात बघावे तसे एकमेकांकडे बघत होते.

घरामागे एक टेकडी होती. टेकडीच्या पोटातून एक झर निघायची आणि खालच्या कुळागराच्या बागेतल्या पोफळींना पाणी द्यायची. चवथीच्या आदल्या दिवशी पांडुरंग टोपली घेऊन टेकडीवर जात. मुलगा गोकुळदास मागून पाय ओढत चाले. बापाने झाडाचे नाव सांगितले की तो "हां" म्हणे आणि घरी येईपर्यंत विसरे. मूर्खपणा कधी कधी शिकावा लागत नाही, तो उपजत असतो.

मग गोकुळदासाचे लग्न झाले आणि पेडण्याहून पद्मावती आली. तिला तीनशेवर झाडांची नावे येत होती, आणि त्यांपैकी एकही तिने पुस्तकात वाचलेले नव्हते. कवंडळ कधी तांबडे होते, कांगण्या कुठल्या बांधावर चढतात, माट्टीची फळे कुठल्या आठवड्यात खाली पडतात, हे तिला आपल्या हाताची बोटे माहीत असावीत तसे माहीत होते. फळ तोडण्याआधी ती झाडाच्या बुंध्याला हात लावून हळूच म्हणायची, "गणपतीक एक दी. बाकीचा तुझा नि पाखरांचा." आणि खरोखर एकच घ्यायची. केवणीच्या सालीचे दोर वळून ती एकेक वस्तू मला बांधे. विसर्जनानंतर सुकलेली फळे टोपलीत भरून पुन्हा टेकडीवर नेई आणि बिया जिथल्या तिथे टाकून येई. अशी वीसएक वर्षे गेली. त्या वर्षांत माझा माणसांचा तिटकारा थोडा कमी झाला होता, हे कबूल करते.

नंतर टेकडीच्या पलीकडे खाण आली आणि गोकुळदास तिथे नोकरीला लागला. खाकी शर्ट घालून, हातात वही घेऊन, ट्रकांकडे बोट दाखवत तो उभा राही आणि आपण फार मोठे काम करतो असे त्याला वाटे. काम मोठे होते खरे. दहा-बारा वर्षांत अख्खी टेकडी ट्रकांत भरून गेली. घराच्या बाजूचा एक उतार तेवढा उरला. झर आधी लाल झाली, मग आटली. कुळागरातल्या पोफळी शेंड्यापासून वाळल्या. गोकुळदास जेवताना म्हणायचा, "खाण आसा म्हणून घर चलता." घर कशावर उभे होते, हे त्याला कधी विचारावेसे वाटले नाही.

एका चवथीला पद्मावती सकाळी टोपली घेऊन गेली आणि दुपार टळल्यावर परत आली. टोपलीत एक शेरवडाची डहाळी, घागऱ्यांच्या चार शेंगा आणि एक वाळका आंबाडा होता. तिने टोपली माझ्याखाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

गोकुळदास म्हणाला, "अगो, तू कित्याक फिरतंस? दिवचलीच्या बाजारात सगळा मेळता."

तो बाजारात गेला आणि प्लास्टिकची द्राक्षे घेऊन आला. प्लास्टिकची सफरचंदेही आणली. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला ओकारी येत नाही. त्या दिवशी यावी असे फार वाटले.

पद्मावती तेव्हापासून कमी बोलू लागली. मग "हय" आणि "ना" एवढेच उरले. पुढे तेही थांबले. ती स्वयंपाक करी, कपडे वाळत घाली, जनेलात, म्हणजे खिडकीत, बसून उरलेल्या उताराकडे बघत राही, पण तिच्या तोंडून शब्द निघेना. गोकुळदासाला प्रथम ते सोयीचेच वाटले असावे. खाण बंद पडली, तो घरी बसला, तेव्हा कुठे त्याला घरातली शांतता ऐकू आली.

त्यांची मुलगी सुमन फोंड्याला शाळेत शिकवायची. तिने आईला पणजीच्या डॉक्टरांकडे नेले. गोळ्यांनी झोप आली, बोलणे आले नाही. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सुमनला विचारले, "त्यांचं काय हरवलं आहे, ते कधी विचारलंत का?" चांगला प्रश्न होता. सुमन मनाची चांगली, पण शिकलेली. तिने तो प्रश्न आईला विचारला नाही, फोनवर शोधला. त्यातून तिला अनंतसर सापडले.

अनंतसर माणसांचे निसर्गाशी तुटलेले नाते जोडून देत. त्यांचे तसे शिबिरच होते. सुमनने त्यांना चवथीच्या तिसऱ्या दिवशी घरी बोलावले. आई माणसांत बसेल, काही ऐकेल, कदाचित बोलेल, अशी तिला आशा होती. गोकुळदास हुरळून गेला. त्या वर्षी त्याने माटोळीच्या स्पर्धेत नाव दिले होते आणि बाजारातून, कुठल्या कुठल्या रानातून ओरबाडून आणलेल्या दोनशे सत्तर वस्तू मला नायलॉनच्या दोरीने बांधल्या होत्या. ओझ्याने माझा एक सांधा करकरत होता. त्या दोनशे सत्तरांतली नारळ, केळी आणि काकडी एवढीच त्याला ओळखता येत होती.

सकाळी दहाच्या सुमारास अनंतसर चौदा माणसांना घेऊन आले. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते, चटयाही सोबत आणल्या होत्या. दारातच मोगऱ्याचे झुडूप आहे. आलेल्यांपैकी तिघांनी चटया ठेवायला ते बाजूला दडपले. मग सगळी माणसे निसर्गाशी नाते जोडायला माझ्याखाली बसली.

"डोळे मिटा," सर म्हणाले. "आपण सगळे झाडं आहोत."

मी वरून पाहत होते. त्यांच्यात झाड होण्याच्या लायकीचे कोणी दिसले नाही. झाड निदान सावली देते.

पद्मावती कोपऱ्यातल्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसली होती. सुमन तिचा हात धरून होती. पंचेंद्रियांवर तासभर बोलून झाल्यावर सर म्हणाले, "आता प्रत्येकाला एक फळ मिळेल. त्याचं नाव विचारू नका. नाव म्हणजे भिंत. वास घ्या, चावा घ्या, त्याला तुमच्यात येऊ द्या." आणि कोणालाही न विचारता, गणपती बसलेला असताना, त्यांनी हात वर करून माझ्यावरची फळे तोडायला सुरुवात केली. गोकुळदास हसून बघत राहिला. कोणाला केळे मिळाले, कोणाला काकडी. स्वतःसाठी सरांनी एक गोल, गुळगुळीत, पिवळट पडलेले फळ निवडले. दिसायला संत्र्यासारखे. त्यांनी डोळे मिटले आणि ते तोंडाजवळ नेले.

कदेल मागे सरकल्याचा आवाज झाला. पद्मावती चार पावलांत तिथे पोचली आणि सरांच्या मनगटावर तिने फटका मारला. फळ जमिनीवर पडून गडगडत गेले.

"काजरो तो," ती म्हणाली. "बी दाताखाली गेली तर सांजेपर्यंत उरूचे नाय तुमी."

आठ महिन्यांनी आलेला तिचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. सुमनने तोंडावर हात ठेवला. गोकुळदासाचे हसू तसेच चेहऱ्यावर राहून गेले, काढायला विसरल्यासारखे.

सरांचा रंग उडाला होता, पण त्यांची जीभ शाबूत होती. "काकू, ही भीतीच आपल्याला निसर्गापासून तोडते."

"माका भीती नाय," पद्मावती म्हणाली. "माका तेचा नाव म्हायत आसा."

मग ती माझ्याखाली उभी राहिली आणि एकेका वस्तूला बोट लावून सांगू लागली. हे कवंडळ, ही माट्टी, ही कांगणी. कुठले औषधाचे, कुठले विषाचे, कुठल्या फळावर कुठले पाखरू जगते. चौदा माणसे हातातली केळी विसरून ऐकत होती. साठ-सत्तर नावे झाल्यावर ती थांबली आणि नवऱ्याकडे वळली.

"हे खंयसून हाडलात?"

"बाजारातसून."

"बाजाराच्या आधी खंय होते?"

ती खाली बसली आणि तेव्हा रडली.

"बाय, तू डॉक्टराकडे घेवन गेलंस," ती सुमनला म्हणाली. "माका कसलो रोग नाय. नावा माझ्या तोंडात आसत, पण झाडा खंय आसत? मी काय बोलू, नि कोणाक दाखवू?"

मित्रांनो, त्या खोलीत अठरा माणसे होती आणि पंचेंद्रियांविषयी तासभर प्रवचन झाले होते. एवढी साधी गोष्ट कोणालाही आधी सुचली नव्हती. शिबिर लवकर संपले. जाताना दोघींनी मोगरा सरळ केला, बाकीचे त्यावरूनच गेले.

दोन दिवसांनी स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. त्या सकाळी गोकुळदास स्टुलावर चढला आणि मला बांधलेल्या वस्तू एकेक करून सोडू लागला. सुमनने विचारले तेव्हा तो म्हणाला, "माका जेचा नाव येना, ता मी टांगचंय नाय." अखेर माझ्यावर अकरा वस्तू उरल्या. तीन त्याला आधीच येत होत्या; आठ नावे त्याने बायकोकडून दोन दिवसांत पाठ केली होती, पासष्टाव्या वर्षी, शाळकरी पोरासारखी पुटपुटत. परीक्षकांनी वर पाहिले, कागदावर एक रेघ मारली आणि चहा न घेता गेले.

पुढचे मी पाहिलेले नाही, सुमनने सांगताना ऐकले आहे. विसर्जनानंतर पद्मावती सुकलेली फळे टोपलीत भरून उरलेल्या उतारावर निघाली. टोपली गोकुळदासाने घेतली. नाक्यावर त्याचे खाणीवरचे जुने सोबती बसले होते, ते हसले. त्याने मान खाली घातली, पण टोपली खाली ठेवली नाही. उतारावर एक माट्टीचे झाड आहे. त्याच्या बुंध्याला त्याने हात लावला. काय म्हणायचे ते त्याला आठवेना. पद्मावतीने त्याला सांगितले नाही. शेवटी तो म्हणाला, "मी गोकुळदास. पांडुरंगाचो."

झाडाला स्वतःची ओळख सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. मला त्याची थोडी कीव आली, आणि तिरस्कारानंतर कीव येणे म्हणजे माझ्यासारखीच्या बाबतीत पुष्कळ झाले.

आता तुम्हाला एवढेच सांगते. माझी निगा राखायची म्हणून मला पॉलिश लावू नका, माझ्यावर दिव्यांच्या माळा सोडू नका. बाहेर जा आणि एखाद्या झाडाचे नाव ज्याला येते त्याला विचारून घ्या. विचारताना लाज वाटली तर वाटू द्या, ती तुमच्या वाट्याची आहे. तेवढेही जमणार नसेल, तर मला माळ्यावरून खाली काढण्याचे कष्ट घेऊ नका. फणसाचे वाळलेले लाकूड चुलीत चांगले जळते, आणि भात शिजवण्याचे काम मला कमीपणाचे वाटणार नाही.