कॉपी-पेस्ट चालत नव्हतं तेव्हा

माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा काळ कोणता, असं कुणी विचारलं तर मी सांगते, कॉम्प्युटरवर कॉपी-पेस्ट चालत नव्हतं तो. ऐकणारा हसतो. हसू दे.

आमचं कार्यालय बियाण्यांचं. तळमजल्यावर थंड खोली, तिच्यात कपाटांच्या रांगा आणि डब्यांत बंद केलेल्या नाना वाणांच्या बिया. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी समोरासमोर दोन टेबलं. एकावर मी, दुसऱ्यावर माझी वहिनी. मी दिवसभर भिंगाखाली बिया बघायची आणि दिसेल ते लिहून काढायची: आकार, रंग, कडा, पाठीवरची नक्षी. वहिनी त्यावरून सूची तयार करायची आणि ज्यांना बियाणं हवं असेल त्यांना पाठवायची.

अडचण अशी, की माझी वर्णनं आमच्या मशीनवर नसायचीच. ती मुख्यालयातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. तिथवर पोचायचं टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून. त्या खिडकीत एक जुना एडिटर उघडायचा, काळ्यावर हिरवी अक्षरं, सगळा कारभार कीबोर्डवर. सूचीचा प्रोग्राम मात्र वहिनीच्या मशीनवर, पांढऱ्या खिडकीत. काळ्यातलं उचलून पांढऱ्यात ठेवायचं, एवढंच काम, आणि नेमकं तेच होत नव्हतं.

माउसनं मजकूर ओढायला गेलं की ओळींचे आकडेही सोबत यायचे. एडिटरमध्ये आम्ही दोन रकाने उघडलेले असायचे, डावीकडे आजचं बी, उजवीकडे कालचं. माउसला त्या रकान्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसकट उचलायचा. मग सूचीत अर्धी ओळ घेवड्याची आणि अर्धी मोहरीची. एकदा एका शेतकी शाळेला आम्ही "मोहरी, शेंगेत पाच दाणे, किडनीच्या आकाराची" असं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, त्यात नुसतं प्रश्नचिन्ह होतं. उलट दिशेनं, बाहेरचा मजकूर एडिटरमध्ये चिकटवला, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा उजवीकडे सरकायची, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, आणि शेवटची ओळ पार भिंतीला टेकायची.

"दादा, निदान माउस तरी धड चालू कर," मी म्हटलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, आणि कार्यालयातला कॉम्प्युटरवाला. सगळं कार्यालय त्याला दादाच म्हणायचं, साहेबसुद्धा. त्यानं एडिटरमध्ये माउस चालू करून दिला. जिथे टिचकी मारू तिथे कर्सर जाऊन बसायला लागला. आठवडाभर आम्ही लहान मुलांसारख्या नुसत्या टिचक्या मारत होतो. पण मजकूर बाहेर येईना तो येईनाच.

"कॉपी झालंय तुमचं," दादा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "पण ते तिकडे झालंय, मुख्यालयात. शिफ्ट दाबून ओढलंत तर इकडे येईल."

शिफ्ट दाबून ओढलं. घेवडा आणि मोहरी पुन्हा गळ्यात गळे घालून हजर.

शेवटी आम्ही सरळ मार्ग धरला. मी माझ्या टेबलावरून मोठ्यानं वाचायचं आणि वहिनीनं टाइप करायचं. तिचा स्क्रीन लहान, पांढरी खिडकी उघडली की काळी झाकली जायची, त्यामुळे बघून उतरवणं तिला जमत नव्हतं. छापून घ्यावं, तर छपाईयंत्र खालच्या मजल्यावर आणि त्याला कायमचा रुसवा. "बी लंबगोल, स्वल्पविराम, रंग फिकट तपकिरी, स्वल्पविराम, कडेची शिवण उठावदार, पूर्णविराम." दुपारभर असा पाढा. खालून जाणारा माणूस वर बघून जायचा.

मग आई गेली.

आम्ही एकाच घरात राहत होतो. वरची खोली माझी, खाली दादा-वहिनी आणि आई. आई गेल्यावर तिचं कपाट तसंच राहिलं. तिचे स्वेटर, चष्म्याच्या डब्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, ज्या ती कधी टाकू द्यायची नाही. मी म्हणायची, सवडीनं बघू. एक दिवस घरी आले तर कपाट रिकामं, आत पुसून कोरडं केलेलं, दारं सताड उघडी. वहिनीनं रजा घेऊन एका दुपारीत सगळं आवरून देऊन टाकलं होतं.

"मला विचारायचं तरी!" मी म्हटलं. "माझी आई होती ती."

"ताई, तुम्हाला सवड कधी होणार होती?" वहिनी म्हणाली.

त्यावर मी जे बोलले आणि ती जे बोलली ते दोघींनाही पुरून उरलं. आमचा अबोला सुरू झाला. जेवताना "दादा, मीठ इकडे द्यायला सांग" आणि "अहो, मीठ त्यांच्याच हाताशी आहे म्हणावं." दादा बिचारा दोघींच्या मध्ये मिठाचं भांडं धरून बसलेला. तो स्वतःही त्या दिवसांत गप्प गप्प झाला होता. ते माझ्या रागात मला दिसलं नाही.

पण कार्यालयात गेल्यावर करणार काय? सूची तर जायलाच हवी. मी वाचायची, ती टाइप करायची. मी "स्वल्पविराम" असा म्हणायची, की काचा तडकाव्यात. ती फक्त "परत" म्हणायची. मी परत वाचायची. काही ओळी तिला मुद्दाम परत परत ऐकायच्या असतात अशी मला शंका होती. एकदा मी इतकी चिडलेली होते, की वाचता वाचता पदरचंच घातलं: "साल कठीण, वास उग्र, कुणाच्यात मिसळत नाही, पूर्णविराम."

कीबोर्डचा आवाज थांबला नाही. शेवटची की दाबून ती म्हणाली, "हे वाण कुठलं? वरच्या खोलीतलं का?"

मी भिंगात डोकं घातलं. भिंगाखाली काहीच नव्हतं, पण हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

असं हळूहळू वर्णनांच्या आडून आमचं बोलणं चाललं. तिला सर्दी झाली की मी सावकाश वाचायची. मला खोकला आला की ती "थांबा जरा" म्हणून पाण्याचा पेला माझ्या बाजूला सरकवायची, बघायची मात्र खिडकीबाहेर. घरी पुन्हा दादामार्फत. कॉपी-पेस्टचं त्याच्याकडे रडगाणं दोघींचं चालूच होतं, वेगवेगळं. तो दरवेळी म्हणायचा, "बघतो. लाइन जुनी आहे."

पुढे एका आठवड्यात दादा तापानं आजारी पडला आणि त्याच वेळी मुख्यालयातून एक बाई लाइन तपासायला आल्या. आमच्या खोलीत आल्या तेव्हा मी जवस वाचत होते. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"सूची," मी म्हटलं. "कॉपी होत नाही ना."

"आणि तुम्ही हे रोज वाचून दाखवता?"

"रोज," वहिनी म्हणाली.

बाईंनी खुर्ची ओढली. वहिनीच्या मशीनवर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये एक परवानगी चालू केली, एडिटरमध्ये दोन ओळी टाइप केल्या. मग माउसनं जवसाचं वर्णन निवडलं. आकडे नाहीत, शेजारचा रकाना नाही, फक्त जवस. पांढऱ्या खिडकीत जाऊन पेस्ट केलं. जवस तिथे हजर, स्वल्पविरामांसकट.

"तिकडचा एडिटर या लाइनवरूनच निरोप पाठवतो, की हा मजकूर तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवा," त्या म्हणाल्या. "टर्मिनलनं तो ऐकायला हवा, एवढंच. पण तुमच्या दादांनी अजून हे कसं केलं नाही? गेल्या प्रशिक्षणाला तेच तर आले होते. आम्हा सगळ्यांना त्यांनीच हे करून दाखवलं!"

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी माझ्याकडे. कित्येक महिन्यांनी आम्ही एकमेकींकडे सरळ बघत होतो.

कार्यालय सुटल्यावर आम्ही घरापर्यंत शेजारी शेजारी चाललो. पावलं सारखीच तावातावानं पडत होती. दादा पांघरूण घेऊन बसला होता. आम्हाला एकत्र आत येताना बघून त्याचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पडला.

"लाइन जुनी आहे काय?" मी विचारलं.

"अहो, दुपारभर घसा फोडतात त्या!" वहिनी म्हणाली. "आणि माझी बोटं बघा!"

"आधी खरंच माहीत नव्हतं," दादा म्हणाला. "प्रशिक्षणात खटपट करताना सापडलं."

"त्याला किती दिवस झाले? मग आल्यावर का नाही केलंस?"

तो पांघरुणाचा काठ चिमटीत धरून बसला. "करणार होतो. जिना चढून वर आलो, तर तुझा आवाज. मग हिचा, 'परत'. दुसरं काही बोलत होतात का तुम्ही दोघी? तेवढंच तर होतं. मी पायरीवरच बसलो थोडा वेळ. मग खाली गेलो."

वहिनी त्याच्या पायाशी बसली. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात म्हणाली, "ताई, कपाटाचं सांगते. तुम्ही वर झोपलेल्या असायच्या, तुम्हाला दिसलं नाही. हे रोज सकाळी त्या कपाटाचं दार उघडून उभे राहायचे. आईंच्या स्वेटरांना हात लावून. हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. एक दिवस कामावर जायचंच विसरले. मला ते बघवेना. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही थांब म्हणाला असतात."

"म्हणाले असते," मी म्हटलं.

"म्हणून नाही विचारलं. चुकलंच माझं ते. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसंच करीन."

दादा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता. तापात होता, झोपला नव्हता, हे दोघींनाही कळत होतं. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. वहिनी पेज करायला उठली. मीही उठले आणि तिच्यामागे स्वयंपाकघरात जाऊन मिठाचं भांडं शोधायला लागले, जे माझ्या समोरच होतं. तिनं ते उचलून माझ्या हातात दिलं. दोघींना एकदमच हसू फुटलं. आतून दादा ओरडला, "काय झालं?" त्याला कुणीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कार्यालयात शांतता. वहिनी माउसनं ओढायची, पेस्ट करायची, की झालं. दुपारी चहाच्या आत सूची तयार. खालच्या मजल्यावरचा टपालवाला वर डोकावून विचारून गेला, "वाचन बंद झालं का हो? बरं वाटायचं." आम्हाला आमच्याच आवाजांची इतकी सवय झालेली, की मी मनातल्या मनात वाचताना ओठ हलवायची.

"मला चुकल्यासारखं होतंय," तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली. हात मांडीवर, समोर पूर्ण झालेली सूची.

"मग बंद करायला सांगू दादाला?"

"नको बाई." ती उठून माझ्या टेबलाशी आली. "इतकं टाइप केलं मी, लंबगोल काय, शिवण काय, नक्षी काय. यातलं एकही बी मी कधी बघितलेलं नाही. दाखवा की."

मी खुर्ची सोडली. खालून आणलेल्या डब्यातून खसखशीचे दाणे काढले, चिमटीत मावतील एवढेच, आणि भिंगाखाली ठेवले. नुसत्या डोळ्यांना धूळ वाटते ती. भिंगाखाली प्रत्येक दाण्यावर जाळी असते, बारीक, एकसारखी, कुणी सुईनं विणल्यासारखी.

वहिनी वाकली. एक डोळा मिटला, मग दुसरा. तिला सापडेना, म्हणून मी तिचा हात धरून भिंगाचं चाक फिरवून दिलं.

"अगं बाई!" ती म्हणाली.

खिडकीतून ऊन सरकत टेबलावरून तिच्या पाठीवर आलं, तरी ती तशीच वाकलेली. माझं काम अडलं होतं, मी शेजारी स्टुलावर बसून होते, आणि मला कसलीही घाई नव्हती.